तात्या तिसऱ्या घंटेची वाट बघत राहिले

आजच्या सत्काराची तात्यांना पडलेली किंमत: एक नवा सदरा, दोन तास ताटकळणं आणि महिनाभर पुन्हा पाठ केलेला जुन्या नाटकातला एक प्रवेश.

मित्रांनो, तात्या म्हणजे एपीएमसी मार्केटमधले निवृत्त माथाडी. एकेकाळी मीही त्यांच्यासोबत गोण्या उचलायचो. गणपतीत त्याच गोण्या रचून आम्ही रंगमंच करायचो, बारदान शिवून पडदा. तात्या राजा, मी भालदार.

आज कोपरखैरण्यात नव्या हॉलमध्ये 'कामगार रंगभूमीचा गौरव' होता. आयोजक भाऊ तासभर माईकवर गरजले, "असा सुसज्ज रंगमंच अख्ख्या मुंबईत नाही!"

मग तात्यांना शाल मिळाली. त्यांनी रंगमंचाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "पडदा पाडा. तिसरी घंटा झाली की सुरू करतो."

"तात्या, टाइम नाही. फोटोत हसा जरा," भाऊ म्हणाले. माझ्या मागे एक कार्यकर्ता खिदळला, "म्हातारा सिरियस आहे रे!"

किळस आली. अहो, गौरव करता ना? मग त्या माणसाची पाच मिनिटं ऐकायला तुमचं काय जातं?

तात्या तरीही वर बघत उभेच. शेवटी वॉचमन जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, पडदा नाय हाय. हितं लग्ना होतान."