बांधाकडच्या शेंगा

आमच्या घरात विकतच्या पाकिटांना थारा नाही. लोक मला हट्टी म्हणतात, म्हणोत बापडे. पण हा हट्ट मी डॉक्टरकडून किंवा पुस्तकातून शिकले नाही, तो मला माझ्याच चुकीनं शिकवला.

सत्तरच्या दशकात आम्ही मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. सासरे नेसरीला शेती करायचे. महिन्यातून एकदा एस.टी.नं यायचे आणि येताना फडक्यात बांधलेलं काहीतरी आणायचेच. कधी भाजलेल्या शेंगा, कधी रताळी, थंडीत हरभऱ्याचा डहाळा. चार वाजता मुलं तेच खायची, वर गुळाचा खडा. कुणाची तक्रार नव्हती.

मग यांना बढती मिळाली आणि हवा माझ्या डोक्यात गेली. एकदा यांचे साहेब घरी येणार होते आणि नेमके त्याच सकाळी सासरे आले. मी शेंगांचं गाठोडं पायानं पलंगाखाली सारलं, शाहूपुरीतून क्रीमची बिस्किटं मागवली आणि नव्या बशीत मांडली. मुलांनी ते पाहिलं. सांगितलेलं मुलं ऐकत नाहीत, पण आपलं वागणं बरोबर उचलतात. वर्षभरात चार वाजले की बिस्किटंच लागायची, मग रात्रीची भाकरी नको व्हायची. धाकट्यानं तर आजोबांना तोंडावर सांगितलं, शेंगा नकोत, पाकीट आणा.

पुढच्या वेळी, ऐन उन्हाळ्यात, सासरे खरंच दोन पाकिटं घेऊन आले. पाणी पिता पिता म्हणाले, "यंदा बांधाकडच्या पट्टीत शेंगा न्हाई करत. ऊस लावतो. खायला कोण हाय?"

त्या पट्टीतल्या शेंगेला त्यांनी कधी बाजार दाखवला नव्हता, ती फक्त आमच्यासाठी असायची. आता गप्प बसले तर ती कायमची जाणार, हे मला स्वच्छ दिसलं.

"मामा, ऊस लावू नका," मी म्हणाले. "चूक पोरांची न्हाई, माझी हाय. साहेब आलते तवा शेंगा मीच लपवल्या."

"ठावं हाय," ते शांतपणे म्हणाले. "मी बघितलंतं की."

बघूनही हा माणूस वर्षभर शेंगा आणत राहिला होता. मला तिथंच रडू फुटलं. त्यांनी समजूत वगैरे काढली नाही. बियाण्याच्या शेंगा फोडायला पोरांना घेऊन ये, एवढंच सांगितलं आणि चहा मागितला.

दुसऱ्या रविवारी आम्ही नेसरीला ओसरीवर शेंगा फोडत बसलो. मुलं एक दाणा सुपात टाकत होती आणि एक तोंडात. पेरणीच्या बियाण्याला कुणाला बोट लावू न देणारे सासरे समोरच बसले होते. ते एकदाही ओरडले नाहीत.