बशीशेजारचा आणा

पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात हे नुकते लागले होते. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं आणि एकोणिसाव्या वर्षी मला सगळी अक्कल आली होती, असं माझं मत होतं. सातवी पास होते ना. शेजारणींचे अर्ज मीच लिहून द्यायची, त्यामुळे डोकं आणखीच चढलेलं.

त्या वर्षी आईच्या गालात आतून गाठ आली. चाकणकडच्या खेड्यात ती एकटीच राहायची. वडील कधीच गेलेले, मी एकुलती एक. मी तिला आमच्याकडे आणलं. मुंबईच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला, रेडियम लावलं आणि महिन्याच्या आत पुन्हा लावायला या म्हणून बजावलं. पहिल्या वेळेला माझ्या पाटल्या गेल्या. दुसऱ्या वेळेला मोडायला काही उरलं नव्हतं.

कारखाना कामगाराच्या आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्च द्यायचा. बायकोच्या आईचा नाही. ह्यांची आई तर हे लहान असतानाच गेलेली. मी म्हटलं, "जागा रिकामीच आहे की. माझ्या आईला बसवू तिथं."

हे म्हणाले, "सही माझी असणार. उघडकीला आलं तर नोकरी जाईल."

"कशानं येतंय उघडकीला?"

हे मी विचारलं. वा गं शहाणे.

पावत्यांवर आईचं नुसतं पहिलं नाव आणि पुढे 'बाई' एवढंच होतं, आडनाव नव्हतं, ते पथ्यावर पडलं. अर्ज गेला. आठवड्यानं निरोप आला: पेशंट खरोखर मुलाच्याच घरी राहते का, हे बघायला ऑफिसातले साहेब येणार.

मी आईची तालीम घेतली. जावईबापू म्हणायचं नाही. ते समोर आले की डोक्यावर पदर ओढून उठायचं नाही. मला सूनबाई म्हणायचं.

"खोटं बोलाया लावतीस व्हय या वयात?"

"बोलूच नकोस. तोंड दुखतंय म्हण."

"ते खरंच दुखतंय."

साहेब पन्नाशीचे, काळी टोपी घातलेले. घरातल्या एकुलत्या खुर्चीवर बसले. आईची वळकटी पाहिली, औषधाच्या बाटल्या पाहिल्या. "आजी, मुलगा नीट बघतो ना?" आईनं मान हलवली. चहा मी ऐटीत केला. आईनं कोमट चहा बशीत ओतून गालाच्या चांगल्या बाजूनं हळूहळू ओढला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

आईनं बशी खाली ठेवली. कमरेची चंची सोडली, त्यातून एक आणा काढला आणि बशीशेजारी ठेवला.

मला अजून मूल नव्हतं. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं खाऊ नये, खाल्लंच तर त्याचं मोल ठेवावं, असा आमच्याकडे रिवाज. आल्यापासून ती प्रत्येक चहाला आणा ठेवायची आणि मी तो गुपचूप तिच्या चंचीत परत सरकवायची. तालमीत सगळं घेतलं, तेवढं राहिलं.

पेन थांबलं. स्टोव्ह फुरफुरत होता, तो मी उगाच बंद केला.

"आजी, हा आणा कशाचा?"

"नवसाचा आहे साहेब," मी मध्ये पडले. "देवासाठी बाजूला काढतात त्या."

"चहाच्या बशीशेजारी?"

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. हे भिंतीला टेकून उभे होते, तोंडावरचा रंग गेलेला. तिनं डोक्यावर पदर घेतला.

"लेकीच्या घरचं फुकट कसं पिऊ, साहेब? जावईबापूंची चूक न्हाई यात. ही पोर लई शानी हाय, तिचं डोकं हाय हे."

साहेबांनी फायलीतून आमचा अर्ज काढला. आता यावर शेरा मारणार, असं मला वाटलं. त्यांनी तो पावत्यांसकट आण्याशेजारी ठेवला.

"हा माझ्याकडे आलेलाच नाही," ते ह्यांना म्हणाले. "पुन्हा केलंत तर मी वाचवणार नाही." दारात चपला घालताना म्हणाले, "मदत फंड आहे कामगारांचा. खरं नातं लिहून अर्ज करा. मिळेलच असं नाही."

साहेब फाटकाबाहेर पडायच्या आत मी कागद घेतला. नात्याच्या रकान्यात 'बायकोची आई' इतक्या घाईनं लिहिलं, की सातवीच्या मास्तरांनी ते अक्षर पाहून कान पिळला असता.

मुंबईला जायच्या दोन दिवस आधी निम्म्या खर्चाला मंजुरी आली. तोवर आम्ही दोघं धड जेवलो नव्हतो. उरलेलं ह्यांच्या पगाराच्या उचलीत कसंबसं बसलं.

निघायच्या सकाळी आईनं चहा घेतला, आणा ठेवला. सवयीनं माझा हात तिकडे गेला, तर तिनं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. रोज त्योच आना चंचीत माघारी येतोय, कडंला चेपलेला. मला काय दिसत न्हाई?"

दोन वर्षांनी थोरला झाला, तेव्हा ती माझ्या घरी पहिल्यांदा फुकट जेवली. एकाच बाजूनं चावत होती. भाजीत मीठ न्हाई म्हणाली.