नाउरूचा धुरा

आमच्या घरात एका बेटाची चौकशी सोयऱ्याधायऱ्यासारखी व्हायची. शनिवारी दुपारी मी मोताळ्याहून घरी यायचो, पाय धुवायचो, चहाची बशी तोंडाला लावतो न लावतो तोच वयनी विचारायची, "भाऊजी, नाउरूचं काय म्हनते?" जशी काही तिची धाकटी बहीणच तिकडे दिली होती! दादा ओट्यावरून हसायचा. "हिले रोहिणखेडच्या पलीकडचं जग ठाऊक नाई, अन् समुद्रातल्या बेटाची पंचाईत."

मी मोताळ्याच्या शाळेत भूगोल शिकवायचो. दादा माझा थोरला भाऊ, शेती तो पाहायचा. आमचं शेत रोहिणखेडच्या रस्त्याला, काळं, भारी, चिखलात पाय घातला तर चप्पल तिथेच राहील असं. बुलढाण्याला रद्दीच्या दुकानात मला प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं एक फाटकं पुस्तक मिळालं होतं. वर्गातल्या पोरांना त्यातलं काही सांगावं म्हणून घेतलं, पण पोरांना परीक्षेत येणार नाही ते नको असतं. ऐकणारी मिळाली ती वयनी.

ती ऐकायची धुऱ्यावर बसून. धुरा म्हणजे दोन शेतांमधली हद्द. आमच्या आणि शेजारच्या चाचाच्या शेतामधला धुरा चांगला बैलगाडी जाईल एवढा रुंद होता. त्यावर एक बोरीचं झाड, एक कडुनिंब, आणि दोन्ही अंगांना अंबाडी, बरबटी, थोडी ज्वारी. शेत बाप्याचं, धुरा बाईचा, असं आमच्या आईनं वयनीला पहिल्याच पेरणीला सांगितलं होतं. पेरणीची पहिली मूठ बाईनं धुऱ्यावर टाकायची. ती मूठ पाखराची. तिचं पीक कापायचं नाही. पाखरं खातात, अळ्या खातात, जाता-येता कुणी वाटसरू दोन दाणे तोंडात टाकतो. आईनं हे कुठून आणलं कोणाला ठाऊक, पण पाखराची मूठ टाकल्याशिवाय आमच्याकडे तिफण हलली नाही.

त्याच बोरीखाली मी वयनीला नाउरू सांगितलं. विषुववृत्ताच्या जरासं खाली, चहूकडे पाणीच पाणी, जवळचा शेजारी म्हणावा तोही दिवस दिवस बोटीच्या वाटेवर. बेट एवढंसं की सकाळी चालायला निघालेला माणूस फेरी मारून जेवायला घरी येईल. कडेकडेनं नारळ आणि माणसांची घरं. मधला भाग उंच, त्यावर केवड्याच्या जातीची झाडं आणि पाखरं. हजारो वर्षं पाखरांची विष्ठा साचून साचून त्या उंचवट्याचं खतच झालेलं, म्हणे. लोक मासे धरायचे, नारळ खायचे, मधल्या तळ्यात मासळी वाढवायचे. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

मग एका परक्या व्यापाऱ्याच्या कचेरीत, तिथून दूर मोठ्या शहरात, दार उघडं राहावं म्हणून एक दगड टेकवून ठेवलेला होता. तो या बेटावरचा. कोणाला तरी शंका आली, तपासला, तर तो निखळ खताचा दगड निघाला. झालं! बोटी आल्या. एक सरकार गेलं, दुसरं आलं, मधे लढाईत जपानी आले आणि बेटावरची माणसं उचलून दुसऱ्या बेटावर मजुरीला नेली, त्यातली कितीतरी परत आलीच नाहीत. पण खोदणं काही थांबलं नाही. बेटाचं पोट खरवडून दुसऱ्यांच्या शेतात पसरलं. पुढे राज्य त्यांचं त्यांच्या हाती आलं, तेव्हा त्यांनीही तेच खोदलं, आणि काही वर्षं अशी श्रीमंती भोगली की विचारू नका. गाड्या, विमानं. रस्ता बेटाभोवती एकच, पण गाड्या दारोदार.

"अन् मधात काय राह्यलं?" वयनीनं विचारलं.

"पांढरे सुळके. दगडाचे. माणूस चालू शकत नाही त्यातून. झाड नाही, सावली नाही. माणसं कडेनं राहतात, तेवढाच त्यांचा धुरा उरला."

"मंग खातेत काय?"

"जहाजानं येतं सगळं. तांदूळ, डबाबंद मटण. पाणीसुद्धा."

वयनी अंबाडीची पानं खुडत होती. हात थांबले. "अन् जहाज नाई आलं तं?"

मी हसलो असेन. ती हसली नाही. त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या घरात राहायला आला.

त्यानंतर आमच्याकडे बीटी कपाशी आली. नवं बियाणं, झाडातच अळीचं विष, अळीच लागत नाही, असा गवगवा. पहिल्या वर्षी दादानं अर्ध्या शेतात लावलं आणि बोंडं पाहून वेडाच झाला. खरंच सांगतो, तसा कापूस आम्ही जन्मात पाहिला नव्हता. दादा माणूस हौशी, हाताला मोकळा, पण एकदा डोक्यात शिरलं की ब्रह्मदेवाच्या बापाचं ऐकायचा नाही.

बियाण्याच्या पाकिटात एक लहान पुडी यायची, साध्या कपाशीची. ही शेताच्या कडेनं चहूबाजूंनी लावा, म्हणजे अळ्या तिच्यावर जगतील आणि नव्या बियाण्याचं विष पचवायला शिकणार नाहीत, असं त्यावर बारीक अक्षरात छापलेलं असे. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. दादा खो खो हसला.

"जन्मभर अळ्या मारल्या, आता त्यायच्यासाठी ताट वाढू का बे? मास्तर झाला म्हनून काईबी वाचतं."

वयनी मात्र पुडी हातात घेऊन उभी होती. "बरोबर तं हाय. कंपनीलेबी ठाऊक हाय, पाखराची मूठ काढाच लागते."

"ठेव ते बुजगावन्यापाशी," दादा म्हणाला. सगळ्या गावात हेच झालं. कोणी पुडी उकिरड्यावर टाकली, कोणी न उगवलेल्या जागी लावून टाकली. गाव काही मूर्ख नव्हतं. ज्याच्या चार पिढ्या अळीला शिव्या घालत गेल्या, त्याला अळी पोस म्हणणं म्हणजे चोराला किल्ली दे म्हणण्यासारखं होतं. वयनीनं आमच्या पुड्या टाकल्या नाहीत. बी टाकू नये म्हणून गाडग्यात ठेवत गेली.

दोन-तीन सुगी झाल्यावर दादाची नजर धुऱ्यावर गेली. एवढी जागा रिकामी काऊन ठेवायची? बोरीच्या सावलीनं कपाशीच्या दोन ओळी दबतात, हे त्याचं रोजचं रडगाणं. वयनी भांडली. तशी ती भांडणारी बाई नव्हती, सगळ्यांचं ऐकून घ्यायची, पण त्या आठवड्यात चूल पेटवली नाही तिनं.

"शेत तुमचं, मी कदी बोलली नाई," ती म्हणाली. "धुरा माह्या हाय. सासूबाईनं देल्ला. तुमी त्या बेटासारखं करून राह्यले. मधातलं खाऊन झालं का कडेचंबी खा."

"हे तूच भरवलं हिच्या डोक्यात," दादा माझ्यावर घसरला. "काय व, ज्वारी दुकानात भेटत नाई का? अंबाडी भेटत नाई का?"

"अन् जहाज नाई आलं तं?"

दादाला काही कळलं नाही. ट्रॅक्टर आला. बोर पडली, कडुनिंब पडला, धुरा उभा-आडवा नांगरून निघाला. पलीकडून चाचा पाहत होता. दाढी पांढरी, माणूस शांत, आमच्या बापाबरोबर कुस्ती खेळलेला. त्यानं ट्रॅक्टरवाल्याला हात केला आणि दादाकडे बोट दाखवलं. "भाऊ मोडते तं मंग मीबी मोडतो. माह्या एकट्याच्या धुऱ्यावर काय गवत ठेवू?" संध्याकाळपर्यंत दोन्ही शेतं एक झाली. हद्दीला नुसते दोन दगड राहिले. मला त्या दिवशी राग आला तो असा की दादाच्या घरचं पाणी न पिता मी मोताळ्याची गाडी धरली.

पुढची वर्षं चांगलीच गेली, खोटं कशाला बोलू? घराला स्लॅब पडला. दादा मला चिडवायचा, "काय बे, बुडालं का तुह्यं बेट?" मी पेपरात शोधत राहायचो. बातम्या यायच्या तुटक तुटक. खोदायला काही उरलं नाही. विमान दुसऱ्यांनी जप्त केलं. कोणा मोठ्या देशानं आपल्याला नको असलेली माणसं ठेवायला बेट भाड्यानं घेतलं. मधला उंचवटा तापून इतका उष्ण झाला की ढग वरूनच फाटतात, असंही कोणीतरी लिहिलं होतं, खरंखोटं देव जाणे. मी वयनीला सगळं सांगायचो. ती फक्त "हाव" म्हणायची आणि धान्याच्या कोठीवर हात ठेवून पाहायची, भरलेली आहे का.

मग एका वर्षी कपाशीत फुलंच उघडेनात. पाकळ्या एकमेकींत गुंतून मिटलेल्या, लहान गुलाबासारख्या. आमच्याकडे त्याला डोमकळी म्हणतात. दादानं एक तोडून उकलली. आत गुलाबी अळी, सुखात. त्यानं दुसरी तोडली, तिसरी तोडली. वाकून वाकून तोडत राहिला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर भीती पाहिली. अळी विष पचवायला शिकली होती.

मग औषधं आली. एक चालेना म्हणून दोन, दोन चालेनात म्हणून ड्रममध्ये तीन कालवलेली. कपाशी त्या साली डोक्याच्या वर गेली होती, ओळीतून हात घातला तर दिसेना. वारा नाही, आत नुसती उमस. दादा पाठीवर पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप घेऊन, तोंडाला दुपट्टा बांधून त्यात शिरायचा. परत यायचा तेव्हा डोळे लाल, नाकातून पाणी. "आग होते जराशी," म्हणायचा. वयनी रोज म्हणायची, राहू द्या, जाऊ द्या हे साल. तो रोज म्हणायचा, उद्याचा दिवस, मंग झालं.

त्या दिवशी मी घरीच होतो, दसऱ्याची सुटी होती. दुपारची वेळ. चाचा धावत आला. त्या वयाचा माणूस धावताना पाहून मी ओळखलंच.

"मास्तर, भाऊची मशीन एकाच जागी बोलून राह्यली. मी केव्हाचा आयकतो. सरकूनच नाई राह्यली."

आम्ही पळालो. पंपाचा आवाज येत होता, कुठून ते कळत नव्हतं. पूर्वी धुऱ्यावर उभं राहिलं तर सगळं शेत दिसायचं. आता उभं राहायला जागा नव्हती. चाचा त्याच्या बाजूनं घुसला, मी आमच्या बाजूनं. दोन्हीकडून नुसती कपाशी, फांद्या फांद्यांत अडकलेल्या, तोंडावर औषध गळतंय. "दादा! दादा रे!" मी बोंबलत होतो. आवाज कधी डावीकडून यायचा, कधी समोरून. मग पेट्रोल संपलं असावं, मशीन बंद पडली, आणि शेत एकदम चूप झालं. त्या शांततेत मी रडायला लागलो, उभ्या जागी, लेकरासारखा.

सापडला तो चाचाला. जिथे बोर होती त्याच जागेपाशी पालथा पडलेला. त्याला बाहेर पडायचं असेल. पाय त्या दिशेनं गेले असतील, ज्या दिशेला लहानपणापासून सावली होती. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. त्याला दिसत नव्हतं. वयनीचा हात चाचपून तो म्हणाला, "धुऱ्यावरच येत होतो व." दुसऱ्या दिवशी दादा गेला.

पुढच्या मृगाच्या आधी चाचानं न विचारता आपल्या बाजूच्या ओळी सोडून हद्द आखून दिली, पहिल्याहून रुंद. वयनीनं गाडगं आणलं. साऱ्या वर्षांच्या पुड्या फोडून पदरात घेतल्या आणि चहूबाजूंनी टाकत गेली. मी म्हटलं, वयनी, जुनं बी, उगवायचं नाही. ती टाकतच राहिली. त्यातलं खरंच काही उगवलं नाही. नंतर तिथे तिनं ज्वारी टोचली.

ज्वारीची राखण करायची नव्हती, तरी त्या हिवाळ्यात ती रोज धुऱ्यावर जाऊन बसायची. एका शनिवारी मी तिथेच गेलो. कणसांवर पाखरं होती, ती हाकलत नव्हती. कितीतरी महिन्यांनी तिनं बेटाचं नाव काढलं.

"भाऊजी, तुमच्या त्या पुस्तकात बाया हायेत का?"

"कोणत्या बाया?"

"बेटावरच्या. खोदू नका म्हनून कोनी म्हनलं नसन का?"

मी घरी येऊन पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळलं. बोटींची नावं होती, गोऱ्या साहेबांची होती, दगडाचं वजन होतं. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, "वयनी, नाही लिहिलेलं."

तिनं पदरातले दाणे धुऱ्यावर टाकले आणि हात झटकले.

"म्हनलं असन," ती म्हणाली. "आयकलं नसन कोनी."