करुपूची गोळी आणि एकवीस मोदक

वसुमतीअक्का पाटबंधारे खात्यात टायपिस्ट होती आणि तंजावरच्या डासांशी तिचं हाडवैर होतं. तिचा पहिला कुत्रा वेल्लै खोकून खोकून, पोट फुगून गेला. डास चावला की बारीक किडे रक्तात शिरतात आणि हृदयात जाऊन शेवयांसारखे वाढतात, हे जनावरांचे डॉक्टर सेतुमाधव यांनी तिला सांगितलं, पण वेल्लै गेल्यावर. पुढं काळा करुपू आला. अक्कानं आधी त्याचं रक्त तपासून घेतलं, ते स्वच्छ निघालं. मग दर महिन्याला एक गोळी सुरू झाली. शहाण्णव साली आमच्या गल्लीत रंगीत टीव्ही मिळत होते, पण ती गोळी तिरुच्चीहून मागवावी लागे.

महिना चुकायला नको म्हणून अक्कानं गोळी संकष्टीला बांधून टाकली. करुपूलाही दिवसभर उपास. भुकेला कुत्रा न चावता गिळतो, हा तिचा हिशोब. मी शेजारी राहतो, त्या दिवशीचं त्याचं केकाटणं मीच ऐकलंय.

तिचे थोरले भाऊ प्रतापसिंह मात्र हसत. "कुत्र्यास कसलं औषध? राजवाड्यातले हत्तीसुद्धा गोळ्या खात नव्हते!" हत्तींचं यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

एका संकष्टीला मी त्यांच्याकडं जेवायला होतो. अक्कानं रिवाजाप्रमाणे एकवीस मोदक केले. त्यांतला एक मिठाचा. तो ज्याच्या तोंडी येईल, त्यानं तिथंच जेवण थांबवायचं. दुसऱ्या एकात तिनं करुपूची गोळी खुपसली. नैवेद्य न दाखवलेला घास ती कुत्र्यालाही घालत नसे, म्हणून तोही त्याच ताटात ठेवला आणि खूण म्हणून वर दूर्वेची एक काडी खोवली.

चंद्र दिसला. अक्का अर्घ्य द्यायला अंगणात गेली, आरतीला प्रतापसिंह पुढं. एकाच मोदकाला दूर्वा पाहून त्यांना बाकीच्यांची दया आली आणि त्यांनी सगळ्यांना एकेक काडी लावली. अक्का परतली तर ताटात दूर्वांची बागच. तरी तिनं आपल्या ओळखीचा वाटला तो उचलून करुपूपुढं टाकला. करुपूनं तो चावला, थुंकला आणि तिच्याकडं असं पाहिलं की मला पोट धरून हसावंसं वाटलं. मिठाचा मोदक कुत्र्याच्या वाट्याला आला होता.

अक्काचा चेहरा पडला आणि माझं हसू जिरलं. घरात तेवढीच गोळी होती. तिनं उरलेले मोदक फोडून पाहिले. गोळी नव्हती. प्रतापसिंहांचे तोवर नऊ झाले होते.

"अण्णा, एखादा कडू लागला काय?"

"एक लागला की," ते पुटपुटले.

"मग बोललात का नाही?"

"मज वाटलं मिठाचाच असेल. बोललो असतो तर थांबावं लागलं असतं."

मी तोंडात उपरणं कोंबलं.

सकाळी डॉक्टरांनी प्रतापसिंहांना तपासलं. "तुम्हाला काही होणार नाही. करुपूला मात्र दोन दिवसांत गोळी हवी." ते ऐकून अण्णा घरी न येता थेट तिरुच्चीच्या बसमध्ये बसले. संध्याकाळी गोळी मुठीत धरून घामाघूम परत आले आणि अंगणात करुपूसमोर उकिडवे बसून राहिले.

"वेल्लै खोकत होता तेव्हा तू त्यास दवाखान्यात न्यायला निघाली होतीस," ते खाली मान घालून म्हणाले. "पैसे उधळू नको म्हणून मीच तुज अडवलं. मज ते रोज आठवतं, वसू."

त्यांना शिव्या घालायला अक्का इतकी वर्षं थांबली असेल, असं मला वाटलं. पण तिनं पुढं होऊन करुपूचा जबडा दोन्ही हातांनी उघडून धरला.

"घाला, अण्णा," ती म्हणाली. "तुम्हीच घाला."