इंदूबाईंची गोळी आणि माझं बारीक होणं

माझ्या मोठ्या जावेची हृदयाची गोळी मी बारीक होण्यासाठी खाल्ली आहे. एकदा नव्हे, चांगली महिना-दीड महिना. तेव्हा मी दोन नातवंडांची आजी होते. म्हणजे अक्कल यायला वेळच मिळाला नाही, असंही म्हणता येत नाही.

त्या जाऊबाई, इंदूबाई, गेल्या महिन्यात गेल्या. दुपारी अंबाडीची भाजी निवडत होत्या, मान खाली गेली ती वर आलीच नाही. फोन आला तेव्हा मी पांढरकवड्याला मुलाकडे होते. गावाकडे जाताना गाडीत लक्षात आलं, माझी बोटं माझ्याच मनगटावर होती... ही सवय त्यांची. कोणाशीही बोलताना त्या स्वतःची नाडी बघत बसायच्या, नवीन पाहुण्याला वाटायचं बाई बांगड्या मोजतात.

दुखणं जुनं. कापसाला भाव नव्हता त्या सालांतलं. आमचं घर एक, चूल एक. वेचणी चालू होती आणि इंदूबाई कमरेची झोळी सोडून मधेच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसल्या. म्हणाल्या, "सुमन, छातीत कापसाच्या जिनातल्या मशीनचा पट्टा सुटल्यावानी होऊन राह्यलं व. मधीच थांबते, मंग धावते." मी म्हटलं, "उन्हानं होत असन." माझं डॉक्टरी ज्ञान तेवढंच.

यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. ठोक्यांची लय बिघडली होती, त्याच्या गोळ्या दिल्या. शिवाय म्हणाले, हृदयाभोवती चरबीचा थर आहे, रक्तातही कोलेस्टेरॉल वाढलंय, तेव्हा ही आणखी एक गोळी रोज रात्री जेवणानंतर. मी इंदूबाईंकडे पाहिलं. कापसाच्या पऱ्हाटीची काडी बरी, असं अंग! डॉक्टर समजावत होते की ही चरबी पोटावरची नव्हे, बारीक माणसालाही असते, ती लय बिघडवायला हातभार लावते असं दिसतं. या गोळीनं तो थर किती कमी होईल ते सांगता येत नाही, पण रक्तासाठी ती हवीच. मी यातलं ऐकलं फक्त 'चरबी' आणि 'कमी'.

समोर भाचीचं लग्न. माझं पोलकं दंडात शिरेना. मनात हिशोब मांडला, चरबी माझ्याकडे आणि गोळी त्यांच्याकडे, हा कुठला न्याय? हळदीच्या डब्यामागे गोळ्यांचा पत्ता असायचा, त्यातली मी एक दिवसाआड काढायला लागले. औषध महिन्यातून एकदाच कोणी तालुक्याला गेलं की यायचं. पोलकं काही सैल झालं नाही. जेवण मात्र वाढलं, गोळी आहे ना, मग दोन भाकरी जास्त, वर कच्च्या तेलाची धार.

पुढच्या तपासणीला मीच सोबत गेले. रक्ताचा रिपोर्ट म्हणावा तसा सुधारला नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी रोज घेता ना?"

"घेते ना," इंदूबाई म्हणाल्या. पापणीसुद्धा लवली नाही.

"मग डोस वाढवावा लागेल, अंगाला झेपतो का ते पाहू," म्हणत त्यांनी पेन उचललं. पट्टा सुटलेली ती छाती, त्यात माझ्यामुळे दुप्पट औषध... मी बोलून टाकलं. डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "ताई, ही गोळी पोट उतरवत नाही. न तपासता घेतली, यकृताला त्रास झाला असता तर? आणि यांच्या गोळ्या चुकल्या त्याचं काय?" डोस तोच ठेवला, मला मात्र रक्त द्यायला लावलं.

बाहेर बाकावर मी मान खाली घालून बसले. म्हटलं, "जाऊबाई, तुमाले मालूम होतं?"

"होतं ना. पत्ता लवकर सरून राह्यलता."

"मंग रागावल्या काहून नाही? अन् डॉक्टरले खोटं कायले सांगतलं?"

त्यांनी आपली नाडी सोडून माझं मनगट हातात घेतलं, जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "मले वाटलं, तुयं बी काळीज माह्यावानीच धडधडून राह्यलं, अन् यंदा कापसात काही राह्यलं नाही म्हणून तू घरात सांगून नाही राह्यली. म्हणून तू एक दिवस घे, मी एक दिवस... दोघीले पुरल्या पाह्यजे ना व."