गोष्ट संपल्यावर गाठ

आमचा शेजारी जाळं सांधायला बसला की त्याची पाच वर्षांची लेक समोर मांडी घालते. तो विचारतो, “ह्या भोकातसून कोण पळालो गो?” मग तिने माशाचं नाव घ्यायचं आणि तो कुठे गेला याची गोष्ट सांगायची. गोष्ट संपेपर्यंत तो गाठ मारत नाही.

शाळेत मात्र ती गप्प असते. बाईंनी शेजाऱ्याला बजावलं, “घरी मालवणी बंद करा.” मी भडकलो. तो दुसऱ्या दिवशी फाटकं जाळं घेऊन वर्गात गेला. दुसरं टोक मी मिरवत धरलं होतं. भोक दाखवून तो बाईंना नम्रपणे म्हणाला, “आता तुम्ही इचारा.”

बाईंनी विचारलं.

“बांगडो!” लेक ओरडली. “देवगडाक गेलो, मावशेकडे!”

वर्ग हसला. बाई जाळ्याशेजारी खाली बसल्या.

“मगे?” त्यांनी विचारलं.