पंधरा मिनिटांच्या गाड्या

चौकशीच्या कागदावर ‘मानवी चूक’ असं लिहिलं होतं. चूक मानवीच होती, पण तो मानव मी होतो.

नाशिकजवळच्या एका कांदा मार्केटात, गेटवर येणाऱ्या गाड्यांना लिलावाचा नंबर देणारी सिस्टीम मी बसवली होती. सगळ्या नोंदी संगणकाच्या मेमरीत राहायच्या, म्हणून स्क्रीन झटक्यात उघडायची. पण वीज गेली की मेमरीतलं पुसलं जातं, म्हणून त्याची प्रत डिस्कवर ठेवावी लागते. त्याच्या पद्धती दोन: प्रत्येक नोंद होताक्षणी लिहून ठेवा, किंवा दर पंधरा मिनिटांनी सगळ्याची एकदम प्रत काढा. पहिल्या पद्धतीत काम किंचित हळू होतं. मी दुसरी निवडली. का, तर डेमोत संचालकांसमोर स्क्रीन अडखळू नये.

“गेलंच तर किती जाईल?” मार्केटच्या सचिवांनी विचारलं होतं.

“जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचं, साहेब.”

“म्हणजे एक चहा,” ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, याची आज चीड येते.

गेटवर नोंद करणाऱ्या ताई पंचवटीतून बसने यायच्या. त्या प्रत्येक गाडी शेजारच्या वहीतही लिहायच्या. ती वही मी बंद करायला लावली.

“माझ्या सिस्टीमवर भरवसा नाही का, ताई?”

“तुमच्यावर आहे सर. लाइटवर नाही.”

तरी त्यांनी माझं ऐकलं.

हंगामात एका सकाळी लाइट गेली. संगणकाची बॅकअप बॅटरी मेलेली होती आणि ती बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा शेवटच्या प्रतीनंतर आलेल्या गाड्या त्याच्या लेखी आल्याच नव्हत्या. त्यांचे नंबर त्याने मागून येणाऱ्यांना वाटले. मी पोचलो तेव्हा एकाच नंबराच्या दोन-दोन चिठ्ठ्या घेऊन माणसं ताईंभोवती उभी होती.

“कोणाची गाडी घुसवली, बाई?”

“पाव्हण्याची असंल. लय दिवसाचं चालू असंल हे.”

ताई चिठ्ठीवरची वेळ दाखवत होत्या. कोणी बघत नव्हतं. सचिवांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, सिस्टीममध्ये असं होऊ शकतं का?

“सिस्टीम जे भरलं तेच दाखवते, साहेब,” मी म्हणालो. या वाक्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच ते इतकं नीच होतं.

त्याच दुपारी मी गुपचूप पहिली पद्धत लावली. दोन ओळींचं काम. आठवड्याने चौकशीत ‘मानवी चूक’ ठरवून ताईंना काढलं.

काही वर्षांनी, यंदा, त्यांचं घर शोधून गेलो. आता त्या शिकवण्या घेतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, “मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी बसले, तर स्क्रीन हळू चालत होती. तुम्ही काहीतरी बदललंय, हे कळलं. वाटलं, आज ना उद्या सर सांगतील. आठवडाभर वाट पाहिली.”

मी मार्केटला लेखी कबुली दिली. सचिव तेच आहेत. “बाईंची तक्रार आहे का? नाही ना? मग कशाला उकरता?” एका बाईवर लबाडीचा शिक्का मारायला यांना सकाळ पुरली होती, आणि तो पुसायला तक्रार हवी. पोच मिळाल्याशिवाय मी खुर्चीतून उठलो नाही.

ती पोच ताईंना नेऊन दाखवली. “हा कागद ऑफिसात पडून राहील,” त्या म्हणाल्या. “मला गेटवर विचारलं होतं, सर. सगळ्यांसमोर.”

म्हणून सोमवारी सकाळी मी गेटवर जाऊन उभा राहिलो. पहिल्याच ट्रॅक्टरवाल्याला थांबवून म्हणालो, तेव्हा नंबराचा घोळ माझा होता, त्या बाईंचा नव्हता.

“कोणती बाई?” त्याने विचारलं.

मी त्याला इंजिन बंद करायला सांगितलं.